वहीत चिकटवलेला पदर

बायकोच्या लुगड्याच्या पदराचा कोपरा मीच कापला होता. एवढं वाक्य मी बारा दिवस बोललो नाही. त्याच संध्याकाळी बोललो असतो, तर एका म्हाताऱ्या बाईला स्वतःचं घर सोडून जावं लागलं नसतं.

एकसष्ट-बासष्टचं साल असेल. राळेगाव तालुक्यातल्या एका गावात मी शाळामास्तर होतो. घरात आई, बायको आणि मी. लग्नाला वर्ष होत आलं होतं. बायको हसायची तेव्हा पदराचा कोपरा दातात धरायची. हसू आवरायला धरायची, पण मग ते डोळ्यांतून सांडायचं. आईसमोर मी तिच्याशी धड दोन शब्द बोलत नसे. बायकोकडे बघत बसणाऱ्या माणसाची आमच्याकडे फार टिंगल होई. शेजारची मावशी, एकटी राहणारी विधवा, रोज सकाळी चुलीतला विस्तव मागायला यायची आणि मुद्दाम विचारायची, "काय व मास्तरीन, तुहा धनी शाळेतबी असाच मुका रायते का?" बायकोचा पदर लगेच दातात जाई.

ते हसू कुठंतरी ठेवावं असं मला वाटू लागलं. मास्तरकीच्या शिक्षणात आम्हाला चिकटवही करायला लावत. पानं, पिसं, दाणे डकवायचे आणि खाली वळणदार अक्षरात नोंद करायची. तशी एक वही मी बायकोची केली. डकवायच्या खळीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घातलं. एका पानावर तिच्या फुटलेल्या हिरव्या बांगडीचे तुकडे लावले. एका पानावर तिनं शिकून लिहिलेली पहिली ओळ होती, 'आज वरणात मीठ जास्त झाले.' एका पानावर तिचे फणीतले केस. हसण्याचं पान मात्र कोरंच राहिलं. मी लिहून पाहिलं, खोडलं. मग एका दुपारी तिचं लुगडं दोरीवर वाळत होतं आणि घरात कोणी नव्हतं. दातांनी विरलेला बोटभर कोपरा मी कात्रीनं कापला, डकवला, आणि खाली लिहिलं, 'हसताना'.

संध्याकाळी तिनं दोरीवरून लुगडं ओढलं आणि पदराची कड आईपुढे धरली.

"माहा पदर कापला कोणीतरी."

आमच्याकडे याचा अर्थ एकच. कोणीतरी करणी करतंय. बाया फणीतले केससुद्धा असेच टाकत नसत. त्यांचा गुंडा करून, त्यावर थुंकून, भिंतीच्या फटीत खोचून ठेवत. आई धावत गेली, फट चाचपली आणि परत आली.

"केसंबी गेले."

मी तोंड उघडलं होतं. पण काय सांगणार होतो, की बायकोचं हसू वहीत ठेवायला मी पदर कापला? वस्तीत दर रविवारी लोकांना बसवून, करणी-भानामती सगळं खोटं आहे, हे मीच सांगत असे. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला तेव्हा माझ्या वडिलांनी घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत शिरवले होते. आई म्हणाली, "देव त शिरवले तुह्या बापानं. आता मी कोणाले हाक मारू?"

"असं काही नसते, आई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मावशी विस्तव मागायला आली तेव्हा आईनं दार लोटून घेतलं. बायकोचं जेवण सुटलं. कोंबडी फडफडली तरी ती दचकायची. झोपेतही पदर मुठीत धरलेला असे. वस्तीतल्या लोकांनी ठरवलं की कळंबकडच्या एका जाणत्याला, करणी ओळखणाऱ्या भगताला, बोलवायचं. तो नाव सांगणार. कोणाचं नाव, ते सगळ्यांना आधीच माहीत होतं. आणि नाव निघाल्यावर लोक एकट्या म्हातारीचं काय करतात, ते मला माहीत होतं.

वही जाळून टाकावी म्हणून मी पेटी उघडली. एकेक पान उलटत गेलो. केस, फुटलेली बांगडी, पदराचा तुकडा. करणीच्या गाठोड्यात नेमकं हेच निघतं म्हणतात. माझा विश्वास नव्हता. तरी दारामागे अंग चोरून बसलेल्या बायकोकडे पाहिलं आणि मनात आलं, हे माझ्याच हातानं झालं असेल तर? वही जाळायचंही धाडस झालं नाही.

जाणता यायच्या आदल्या दिवशी सकाळी मावशी गाठोडं घेऊन आमच्या अंगणात उभी राहिली.

"मास्तरीन, म्या काही नाही केलं व."

बायको बाहेर गेली नाही. मी आतच होतो, मुलांच्या पाट्या तपासत. मावशी थोडा वेळ थांबली आणि मोटारीच्या रस्त्यानं निघून गेली, घाटंजीला, बहिणीच्या लेकीकडे.

"मनात पाप नसतं त पळाली असती कायले?" लोक म्हणाले, आणि जाणत्याला येऊ नको म्हणून निरोप धाडला. मला वाटलं, आता तरी बायकोची भीती जाईल. ती रात्रंदिवस एकच विचारत राहिली, "मावशीनं काहून केलं असन असं? माहं काय चुकलं होतं?"

बाराव्या दिवशी मी वही तिच्या पुढ्यात ठेवली.

तिनं एकेक पान उलटलं. पदराच्या तुकड्यावर बोट ठेवलं. ती हसेल, रडेल, काहीतरी करेल म्हणून मी वाट पाहत होतो.

"बारा दिवस तुम्ही मले पाहून राह्यले होते?"

मी हात जोडले.

"मले नका जोडू," ती म्हणाली. "मावशीपाशी चला."

आईला सांगितलं. तिनं मावशीला विस्तव द्यायची खापरी उचलून चुलीजवळ ठेवली. आम्ही एसटीनं घाटंजीला गेलो. मावशी ओट्यावर कापूस निवडत होती. आम्हाला पाहून ती उठली आणि मागे सरकत भिंतीला टेकली. तिला माझी भीती वाटत होती. एवढं भ्यालेलं माणूस मी त्या बारा दिवसांतही पाहिलं नव्हतं.

मी वही उघडून तिच्यापुढे धरली.

"मावशी, पदर म्या कापला. केसंबी म्याच घेतले. लाज वाटली म्हणून बोललो नाही, आन् नाव तुमच्यावर आलं. तुम्ही अंगणात उभ्या होत्या, तवा मी घरातच होतो. हे मी वस्तीत सगळ्यायसमोर सांगतो. मले माफ करा. घरी चला."