संचिता कोयंडेचं नाक

मसुऱ्याच्या बाजारात, शिंप्याच्या दुकानावरच्या माळ्यावर संचिता कोयंडे कॉम्प्युटर दुरुस्त करते. लाकडी जिना चढून आत पाऊल टाकलं की नाटकवाल्या माणसाला रंगपटात आल्यासारखं वाटावं. मुकुट उतरवून ठेवलेले राजे बसावेत तसे झाकणं काढलेले कॉम्प्युटर ओळीने बसलेले असतात. कोणाच्या पोटातल्या वायरी बाहेर, कोणाचा पंखा वेगळा. मधोमध संचिता, हातात स्क्रूड्रायव्हर, कपाळावर बॅटरी.

बाई चाळिशीची, कामाला चोख. फक्त एक खोड आहे. बोलता बोलता ती आपली बाही नाकापाशी नेते, हुंगते आणि खाली सोडते. गिऱ्हाइकाला वाटतं घाम पुसते आहे. तसं नाही. ही खोड तिला चौथीत लागली.

तिची आई रुक्मिणी सुकी मासळी विकते. त्या काळी एका खोलीचं घर. निम्म्या खोलीत सुक्या बांगड्यांच्या नि सुंगटांच्या टोपल्या, निम्म्यात माणसं. सुंगटं म्हणजे वाळवलेली बारकी कोळंबी. तिचा वास कपड्यांना लागला की साबण हरतो. चौथीच्या वर्गात एके दिवशी परब गुरुजींनी खडू खाली ठेवला, नाकाला उपरणं लावलं आणि म्हणाले, "कोयंडे, तू आजपासून खिडकीत बस. वारा असू दे." वर्ग हसला. गुरुजी पुढच्या गणिताकडे वळले. ते तेव्हाच विसरले असतील. संचिता वर्षभर खिडकीत बसली.

पुढे तिने कॉम्प्युटरचं शिक्षण घेतलं. यंत्राला वास नसतो, फार तर तापलेल्या प्लास्टिकचा येतो, हे तिला त्यात सगळ्यात आवडलं.

त्याच परब गुरुजींचा फोन आषाढाच्या तोंडावर आला. सत्यवान परब आता निवृत्त. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी गळ्यात तुळशीची माळ घातली आणि घरातून वशाट, म्हणजे मासे-मटण, हद्दपार केलं. वाडीत त्यांचं प्रवचन होतं, आवाज खणखणीत, शब्दाला वजन. मुंबईच्या मुलाने, विनीतने, पाठवलेल्या कॉम्प्युटरवर ते प्रवचनं टाइप करतात. तो कॉम्प्युटर अचानक बंद पडू लागला होता. पडदा निळा व्हायचा, मग काळा, मग आपोआप पुन्हा सुरू. लिहिलेलं गायब.

संचिता गेली. टेबलावर कॉम्प्युटर, त्याला हळदकुंकू, शेजारी सीपीयूचा डबा, डब्यावर पितळी घरात जळणारी चंदनाची उदबत्ती. गुरुजी खुर्चीला खुर्ची लावून बसले.

"व्हायरस आहे," त्यांनीच निदान केलं. "तू सगळं पुसून नव्याने भर. डबा मात्र उघडायचा नाही. विनीतने बजावलंय."

संचिता कामाला लागली. आणि चंदनाच्या धुराखालून तिला तो वास आला. पुसट, पण ओळखीचा. माळकऱ्याच्या घरात सुंगटाचा वास. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. हा आपलाच. सकाळी आईच्या टोपल्या उचलून रिक्षात ठेवल्या, तेव्हा लागला असणार. तिने खुर्ची दोन वीत मागे घेतली, घाईघाईने काम उरकलं आणि घरी जाऊन केसांवरून आंघोळ केली.

पाच दिवसांनी पुन्हा फोन. या वेळी तिने घरून निघताना धुतलेला ड्रेस घातला. प्लग बदलला, अर्थिंग तपासलं, विजेचा दाब मोजला. डबा उघडूया का, असं विचारलं. गुरुजींनी हात आडवा केला. वास होताच. तिने श्वास अर्धा अर्धा घेत काम केलं. स्वतःचीच किळस येत असेल तर माणूस कितीसं नीट बघणार?

तिसऱ्यांदा फोन आला तो धमकीचाच. "संचिता, ही शेवटची वेळ. सोमवारी शाळा समितीची बैठक आहे. शाळेचे बारा कॉम्प्युटर कोणाच्या हाती द्यायचे ते ठरायचंय. माझ्या घरचा एक तुला जमत नसेल तर मी तुझं नाव कुठल्या तोंडाने घेऊ?"

शाळेचं काम म्हणजे वर्षभराची भाकरी. शिवाय शाळेने मागच्या तीन महिन्यांचे कामाचे कागद मागितले होते. प्रत्येक दुरुस्तीनंतर संचिता एक कागद भरते: बिघाड काय, कारण काय, काय केलं, खाली गिऱ्हाइकाची सही. परबांच्या दोन्ही कागदांवर कारणाची जागा कोरी होती.

ती शनिवारी सकाळी गेली. गुरुजी शेजारी बसणारच होते, पण बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, धोंडू पखवाजवाल्याने हाक मारली. देवळाचं छप्पर गळत होतं, नेमकं पखवाजावर. गुरुजी छत्री घेऊन निघाले. दारातून वळून म्हणाले, "डब्याला हात लावायचा नाही."

संचिताने कॉम्प्युटर चालू केला आणि घड्याळ लावून बसली. अकराव्या मिनिटाला पडदा निळा झाला. तिने डब्यावर तळवा ठेवला. भाकरीचा तवा. आत पंखा घरघरत होता, दम्याच्या माणसासारखा. तेवढ्यात उदबत्ती संपली. शेवटची राख पडली, धूर विरला आणि वास एकट्यानेच रंगमंचावर आला.

तिने सवयीने बाही हुंगली. साबण. दुसरी बाही. साबण. वेणी पुढे घेऊन हुंगली. खोबरेल. मग तिने तीस वर्षांत न केलेली गोष्ट केली. नाक पुढे केलं आणि वासाच्या मागे गेली. वास डब्याच्या मागच्या जाळीतून येत होता, गरम वाऱ्यासोबत.

बाजूच्या झाकणाचे स्क्रू हाताने फिरणारे होते. सगळ्या डब्यावर धूळ, फक्त त्या दोन स्क्रूंची डोकी चकचकीत.

गुरुजींच्या बायको आनंदीबाई चहा घेऊन आल्या. "गावलो काय गो रोग?"

"काकी, ह्यां उघडूक होया. गुरुजी नको म्हणतत."

"उघड. माका कोणी नको म्हणूक नाय."

झाकण निघालं आणि संचिताने तोंडावर ओढणी घेतली. आतून झुरळं सुटली. एक तिच्या मनगटावरून गेलं. पंख्याच्या पात्यांना काळपट, तेलकट राप, उदबत्तीच्या काजळीने घट्ट झालेला. त्या रापात सुंगटांच्या मिशा अडकलेल्या, केसांच्या गुंत्यासारख्या. मदरबोर्डवर तांबूस भुकटी, झुरळांच्या काळ्या लेंड्या, कुरतडलेला कागद, मेलेल्या पालीचं वाळकं शेपूट. पावसाळ्यात सुकं सादळतं, त्याला बुरशी येते. म्हणून कोणीतरी घरातली सगळ्यात ऊबदार जागा शोधली होती. सीडीचा ड्राइव्ह जिथे बसतो त्या रिकाम्या खणात एक पुडी अजून शाबूत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, वरून हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेली.

तो दोरा संचिताने डोळे मिटूनही ओळखला असता. फाटक्या जाळ्याचे दोरे सोडवून पुड्या बांधणारी बाजारात एकच बाई होती.

तिला खिडकीतलं बाक आठवलं, नाकाला लावलेलं उपरणं आठवलं. मागच्या दोन खेपांना आपण आपलाच वास समजून अंग चोरलं, आणि हा माणूस शेजारी बसून ते बघत होता.

आनंदीबाईंनी चहा खाली ठेवला. पुडी हातात घेतली, दोरा सोडला, एक सुंगट नाकाला लावलं.

"नव वर्सां," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. "ह्यांनी माळ घातल्यानी तेवा मी पाटो राखेन घासलंय. माशांच्या तिकल्याची मातयेची तवली फोडून टाकलंय. भावाकडे गेलंय, थंय बांगडे तळले, मी ओसरीर पेज जेवलंय."

संचिता ब्रशने मिशा सोडवत राहिली.

"आणि न्हाणीची चूल," आनंदीबाई सावकाश म्हणाल्या, एकेक धागा ओढावा तशा. "दर बुधवारी न्हाणीची चूल तेच पेटवतत. तुका धूर सोसना नाय, तू घरात बस, म्हणतत. मी शेजारणीक सांगी, बघ, नवरो असो असूक होयो."

त्या हसल्या नाहीत. पुडी घेऊन आत गेल्या. आतून विळीवर कांदा चिरल्याचा आवाज आला, मग तव्याचा, मग वास. चोरटा, पुसट नव्हे. ऐन भरातला, तिखट-खमंग, माजघर ओलांडून ओटीवर येणारा.

संचिताने पाती धुतली, मदरबोर्ड पुसला, सुकवला, झाकण न लावताच कॉम्प्युटर चालू केला. तीन ब्रश गेले. ते तिने परसात नेऊन टाकले. हात तीनदा धुतले. अकरा मिनिटं गेली, वीस गेली, चाळीस गेली. पडदा पांढराच.

गुरुजी परतले ते छत्री मिटताच थबकले. नाकपुड्या फुलल्या. मग उपरणं नाकाकडे गेलं, अगदी तसंच, तीस वर्षांपूर्वीसारखं.

"संचिता, हे माळकऱ्याचं घर आहे. तुमच्यात चालत असेल, पण इथे येताना—"

संचिताचा हात बाहीकडे निघाला होता. तो तिने मांडीवरच ठेवला.

"माझा वास नाही, गुरुजी."

आनंदीबाई ताट घेऊन बाहेर आल्या. भात, त्यावर कांद्यात परतलेली सुंगटं. नवऱ्यासमोर पाटावर बसल्या आणि पहिला घास घेतला. गुरुजींची नजर ताटावरून उघड्या डब्यावर, तिथून पेपरावर काढून ठेवलेल्या मिशांच्या ढिगाऱ्यावर गेली. प्रवचनात एका श्वासात चार ओव्या म्हणणारा तो माणूस. त्याने नाकावरचं उपरणं खाली घेतलं आणि त्याची घडी घालू लागला. खरं तर दयाच यावी. नऊ वर्षं एकच वेष, मध्ये पडदा नाही, रंग पुसायला आडोसा नाही, फक्त बुधवारची न्हाणीची चूल, तिच्यात चोरून भाजलेली सुंगटं. पण संचिताला त्या क्षणी दया आली नाही, आणि तिने ती आणायचा प्रयत्नही केला नाही.

तिने कामाचा कागद पुढे केला. कारणाच्या जागी लिहिलं होतं: डब्यात ठेवलेली सुकी सुंगटं, झुरळं, उदबत्तीची काजळी, धूळ. पंखा अडकून यंत्र तापत होतं. साफ केलं.

गुरुजींनी चष्मा लावून वाचलं. "हा कागद शाळेत जाणार?"

"शाळेने मागितलाय."

"मग नुसतं 'धूळ' लिही. धूळ होतीच की."

"होती. तीही लिहिली आहे."

गुरुजींनी आवाज खाली आणला. पुस्तकी मराठी गळून पडली. "बाय माजे, मी म्हातारो माणूस. लोक माज्या पाया पडतत. तुजा नाव मी सोमवारी सगळ्यांच्या आधी घेतंय. एक शब्द बदल."

तो मऊ आवाज तिला झुरळाहून नकोसा वाटला. बारा कॉम्प्युटर तिच्या डोळ्यांसमोर होते. एक शब्द खोडायचा की झालं. तिने पेन टेबलावर ठेवलं. "सही नसेल करायची तर नका करू, गुरुजी. मी तसाच कागद देईन."

"हाड तो कागद माज्याकडे," आनंदीबाई म्हणाल्या. डावा हात पुढे आला. "विनीतान घेतल्यान तेवा बिल माज्या नावार केल्यान. सही माजी." उजवा हात जेवणाने भरलेला होता. त्या उठल्या, हात धुऊन आल्या आणि वळणदार, सावकाश अक्षरात त्यांनी सही केली. पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट.

गुरुजी खिडकीशी गेले. कडी काढू लागले.

"उघडू नकात," आनंदीबाई पुन्हा पाटावर बसत म्हणाल्या. "असांदे."

सोमवारी शाळेत मुख्याध्यापिका सारिका मॅडमनी कागद चाळले. एका कागदावर थांबल्या, चष्मा वर केला, पुन्हा वाचलं. टेबलाच्या टोकाला परब गुरुजी छताच्या पंख्याकडे बघत होते.

"गुरुजी, तुमच्या घरचं काम यांनीच केलं ना? काही तक्रार?"

"तक्रार नाही," गुरुजी म्हणाले. त्या दिवशी ते तेवढंच बोलले.

मॅडमनी कागद पालथा घातला. "कारण लिहून देणारा माणूस पहिल्यांदाच बघतेय. नाहीतर सगळे 'व्हायरस' लिहितात." बारा कॉम्प्युटर संचिताकडे आले.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं, हिरव्या दोऱ्यासकट. रुक्मिणीबाई टोपल्या झाकत होत्या. "माका काय नवीन सांगतंस? नव वर्सां येतत. पिशयेत वर फुलां, खाली पुडी. पण मी कोणाक सांगलंय? गिऱ्हाईक खंयचा काय नेता ता विकणाऱ्यान बोलूचा नसता." आणि मग, चांगलीच वैतागून, "बुधवारचो माणूस घालवलंस माजो."

त्या बुधवारी संचिता आईला टोपल्या पोचवायला बाजारात गेली. पावसाची उघडीप होती. परब गुरुजी आले नाहीत. त्यांच्या ऐवजी आनंदीबाई आल्या, उघडी पिशवी हातात, फुलं नाहीत, काही नाही. ओळीतल्या सगळ्या बायांच्या देखत त्यांनी एक सुंगट उचलून हुंगलं.

"रेतयेर सुकवलेली काय गो?"

"जाळयेर," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "रेती गावली तर परत हाडा."

"पावशेर दी." आनंदीबाईंनी टोपल्यांकडे पाहिलं. "दोन पुडये कर. एक धाकटी. त्यांका एकट्यांका खाऊची सवय झाली आसा, आता समोर बसान खाऊदेत."

रुक्मिणीबाईंनी दोरा तोडला. संचिताने पुडीवर बोट धरलं, गाठ बसेपर्यंत, आणि मग तीच बोटं ओढणीला न पुसता दुकानाचा जिना चढली.