हवालदारांचा प्रश्न

नव्या चामड्याच्या पट्ट्याचा वास आला की माथेरानच्या पायथ्याचं आमचं घर आठवतं. गावातला पहिला टीव्ही आमच्याकडे होता आणि पोलिसांची मालिका लागली की ओटी भरून जायची. त्या संध्याकाळी हवालदार कमरेला नवा कोरा पट्टा लावून पुढं खुर्चीत बसले होते. दाराशी वाडीवरचा एक कातकरी होता. लाकूडचोरीच्या संशयावरून याच हवालदारांनी त्याला इतकं मारलं होतं, की तो अजून लंगडत होता. पडद्यावर फौजदारानं संशयिताला बसायला सांगून पाणी दिलं. हवालदार मागे कातकऱ्याकडे वळले. “आमी बी असंच वागतो ना रं?” सगळे त्याच्याकडे बघू लागले. “हां सायेब, असंच,” म्हणत तो उठू लागला. “बस रं, संपू दे!” तो बसला. शेवटी चोर सापडल्यावर हवालदारांबरोबर त्यानंही टाळ्या वाजवल्या. मालिकेतला चोर कोण होता, ते मात्र मला आज आठवत नाही.