आधी आत काय ता सांगा

मालवणच्या बाजारात लॅपटॉप दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बिघाड काय, हे तो कधीच विचारत नाही. "आत काय आसा ता आधी सांगा," म्हणतो.

माझ्या छोट्या लॅपटॉपची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. मी म्हटलं, "आमचे बाबा आता नाहीत. त्यांनी दशावतारी नाटकात केलेला राजा आत आहे, व्हिडिओत. दुसरीकडे कुठेच नाही."

त्याने लगेच एक नवी डिस्क काढून जोडली. तिच्यावर उतरवताना व्हिडिओ तीनदा अडकला. दरवेळी तो जुन्या डिस्कवर तळहात ठेवून, तापलेल्या पोराला समजवावं तसा पुटपुटायचा, "सावकास रे, सावकास." चौथ्यांदा सगळं उतरलं.

नवी डिस्क बसवल्यावर लॅपटॉप झटकन सुरू झाला. मी त्या वेगाचं कौतुक करणार, तोवर त्याने व्हिडिओ लावून आवाज पूर्ण वाढवला. बाबांच्या आरोळीने रस्त्यावरची मासळीवाली दारात थांबली.

"राजा बरो आसा," ती म्हणाली.

"नुसतो बरो?" तो हसत टेबलावर थाप मारून म्हणाला. "बस गो, पयल्यापासून लावतंय."

पाटी उतरवून ती स्टुलावर बसली, आणि बाबा पुन्हा दरबारात आले.