हलकं की जड

माझे मामा कुणाला मदतीला बोलावतील त्या दिवशी सूर्य पश्चिमेला उगवेल, अशी आमच्या घरातली समजूत. म्हणून त्यांचा फोन आला, रविवारी जरा ये, इंजिनला हात लावायचाय, तेव्हा मला आधी काळजीच वाटली. मला साधा स्क्रूही सरळ बसवता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मामी गेल्यापासून दोघांची जुनी गाडी बंद पडून होती. मामेभाऊ लांब राहतो. तो फोनवरून सांगायचा, बाबा, भंगारात द्या. मामा हट्टाला पेटले. त्यांनी इंजिन उतरवलं, लेथवाल्याकडून त्यातली सिलिंडरची भोकं नव्याने कोरून आणली, क्रँक घासून आणला आणि जोडणी घरातच मांडली. अशा कामानंतर लोखंडाचा कीस आत राहतो. म्हणून इंजिनचा सगळा सांगाडा न्हाणीघरात साबणाने धुतला आणि उशीची पांढरी खोळ काळी व्हायची थांबेपर्यंत आतून पुसला. हे सारं एकट्याने. मी गेले तेव्हा जेवणाच्या टेबलावर इंजिन होतं आणि मामांचं ताट मांडीवर.

क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा जाड दांडा. तो फिरतच नव्हता. लेथवाल्याने वाट लावली असं मामांचं म्हणणं, आणि त्यावरून त्याच्याशी कडाक्याचं भांडणही झालेलं. माझं माप चोख आहे, घोळ तुमच्याकडेच झालाय, असं त्याने ठणकावलं होतं. तसा क्रँक आता कुठे मिळत नाही. तो गेला तर गाडी गेलीच.

मी विचारलं, पूर्वी हे इंजिन उघडलं होतं तेव्हा कसं जोडलं? मामा सांगू लागले. क्रँकवर त्याला जागेवर धरून ठेवणाऱ्या पाच लोखंडी कॅप बसतात. मामांनी एक कॅप आवळून "कसं आहे?" विचारलं की मामी हाताने क्रँक फिरवून बघायची आणि म्हणायची, "हलकं." मग दुसरी. जड लागला तर तिथेच थांबायचं, म्हणजे चूक लगेच सापडते.

"मग या वेळी?"

मामा हातातला पाना उलटसुलट करत राहिले. "या वेळीही विचारलं. प्रत्येक कॅपनंतर विचारलं, कसं आहे? थोडा थांबलो. मग पुढची आवळली."

"आणि फिरवून कुणी बघितलं?"

"कुणीच नाही."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. एक फोन केला असता तर मी काय नाही म्हणाले असते? पण मामांपुढे बोलून उपयोग नसतो, पालथ्या घड्यावर पाणी. मी बाह्या वर केल्या.

सगळ्या कॅप काढून पहिल्यापासून सुरुवात केली. मामा आवळायचे, मी फिरवायचे. हलकं. हलकं. तिसरीला माझा हात अडला. "जड," मी म्हणाले. मामांनी ती काढून चष्म्याजवळ धरली. तिच्यावरचा बाण पुढे हवा, तो मागे होता. कॅप उलटी बसली होती. ती फिरवून लावली आणि क्रँक दोन बोटांनी फिरला. लेथवाल्याची माफी मागा, असं मी बजावलं. मागेन, म्हणाले, पण गाडी चालवत त्याच्या दारात जाऊन.

पुढचे काही रविवार मी जात राहिले. मग एक दिवस त्यांचा फोन आला की गाडी सुरू झाली. आवाजात आनंद नावालाही नव्हता.

"आता रविवारी तुला यायचं काही कारण उरलं नाही," मामा म्हणाले.

बसने येऊन येऊन मला कंटाळा आलाय, मी म्हटलं, तुम्हीच घ्यायला या.

"येतो. पण तू मागे बस."

मी मागे बसले. पुढच्या सीटवर मामीची पाठीची उशी तशीच होती. मामा जपून चालवत होते. चौकातून वळल्यावर त्यांनी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघत सवयीने विचारलं, "कसं आहे?" आणि थोडे थांबले.

"हलकं," मी मागून म्हणाले.