बर्फाच्या कारखान्यातला अँमीटर

लढाईच्या दिवसांत भाईंदरच्या एका बर्फाच्या कारखान्यात मी वायरमन होतो. माझे भावजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, मिठागरात राबायचे. त्यांना माझ्या हाताखाली मीच चिकटवून घेतलं. त्यांना शिकवताना मला भलताच चेव यायचा. वयाने मोठा माणूस मान डोलावत ऐकतोय म्हटल्यावर कुणाची जीभ थांबते?

आवारातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरपाशी उभं राहून मी सांगितलं, "भावजी, याला बाहेरून ठरावीक व्होल्टेज मिळतं. कारखाना मागेल तेवढा करंट हा देतो. कुणी काहीच मागितलं नाही, पलीकडची टोकं मोकळी राहिली, तरी हा आपला गुणगुणत बसतो. व्होल्टेज वाढत नाही तोवर याच्या लोखंडी गाभ्याला धोका नाही."

सगळं खरं होतं. मग जेवणाचा भोंगा झाला, मला भूक लागलेली, आणि पॅनेलमधल्या छोट्या करंट ट्रान्सफॉर्मरबद्दल मी एवढंच म्हणालो, "हाही ट्रान्सफॉर्मरच. मोठा करंट बारीक करून अँमीटरला देतो."

पण त्याची तऱ्हा उलटी असते. त्याच्यातून किती करंट जायचा ते अँमीटर ठरवत नाही, कारखान्याची मोटर ठरवते. अँमीटरमधून वाहणारा करंट गाभ्यातलं चुंबकत्व आवरून धरतो. ती वाट तोडली की मोटरचा सगळा करंट गाभ्याच्या मागे लागतो. गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, आणि करंट दिशा पालटेल तसतसं मोकळ्या टोकांवर जीवघेणं व्होल्टेज उसळतं. म्हणून आधी ती दोन टोकं तारेने एकमेकांना जोडायची, मगच मीटर सोडवायचा. हे सांगायला मला फार वेळ लागला नसता.

खाऱ्या हवेने अँमीटरचा काटा अडकला होता. मी जेवत होतो. मोटर चालू असतानाच भावजींनी मीटर काढायला घेतला. टोकं मोकळी राहिली तर काही बिघडत नाही, हे मीच शिकवलं होतं ना! किंकाळी ऐकून धावलो. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं भाजून कायमची आखडली. मिठागरातलं फावडंही आता त्या हाताला धरवणार नव्हतं.

घरी भावजींनी विचारलं, "माजं चुकलं काय रे? तू सांगितलं तसंच तं केलं मी."

बहीण माझ्याकडे बघत होती.

"घाई केलीत, भावजी," मी म्हणालो.

त्यांनी मान खाली घातली. "हाय खरं. तुजं नाव खराब केलं मी. सायबाला सांग, चूक माजीच हाय."

सकाळी मी साहेबांना तसंच सांगितलं. त्याची शरम मला आजही छळते. भावजींना कामावरून काढलं, मला ठेवलं. त्या संध्याकाळी बहिणीने मला नेहमीसारखं पान वाढलं, आणि मी जेवलो.