न विचारता घातलेले शब्द

फोन वाजत होता आणि नॉर्वेचा म्हातारा उचलत नव्हता. माझी मुलगी खिडकीपाशी उभी होती. आमच्याकडे जपानात, उरायासुला दुपार झालेली, त्याच्याकडे नुकती सकाळ.

"झोपला असेल," मी म्हटलं.

"तो पाचला उठतो, आई."

शनिवार म्हणून जावई घरी होता. "काय आई, तुमचे व्याही रुसले वाटतं?" म्हणाला. दर रविवारी म्हातारा कॉम्प्युटरवर दिसायचा, मला हात करायचा, मीही करायचे. एवढीच ओळख, त्यावरून ही चेष्टा. मुलीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो उठून ताटं घ्यायला गेला.

मी चौथी शिकलेली. मुलगी काय करते ते तिने बऱ्याचदा सांगितलं, तेव्हा कुठे थोडं समजलं. तिचं शिक्षण नॉर्वेत झालं, नोकरी जपानात. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क, तिथल्या भाषा सख्ख्या बहिणींसारख्या. कॉम्प्युटरने एकीचं दुसरीत भाषांतर करावं म्हणून शब्दकोश लागतात. आधी प्रत्येक जोडीचा कोश वेगळा, तीच चूक दोन-दोन ठिकाणी दुरुस्त करा. मग यांनी प्रत्येक भाषेचा एकच सामायिक कोश केला. म्हातारा, स्वीडनची एक बाई आणि माझी मुलगी ते सगळं सांभाळायचे. पैसे कोणी देत नाही. मुलगी ऑफिसातून येते, पोळीभाजी खाते आणि त्यात डोकं घालते. मान दुखते म्हणते. दुखणारच.

सामायिक वस्तूला एकाने हात लावला की सगळ्यांचं बिघडतं. म्हणून आधी विचारायचं, मग बदलायचं. हा नियम म्हाताऱ्यानेच घातलेला. इथे मोठा भूकंप झाला तेव्हा आमच्या इमारतीभोवतीची जमीन चिखल होऊन वर आली. नळ बंद, संडास बंद. कॉम्प्युटर कोण उघडतंय? मुलीचं उत्तर येईपर्यंत म्हाताऱ्याने कोशात एक शब्द घातला नाही, दुसऱ्या कोणाला घालूही दिला नाही.

त्यानंतर काही वर्षांनी हा शनिवार आला. सकाळी मुलगी पाहते तर कोश मोडलेला, सगळी भाषांतरं बंद. म्हाताऱ्याने न विचारता ढीगभर शब्द घातले होते.

"म्हातारचळ," मी म्हटलं. "काढून टाक ते आणि जेव."

"आई, तो विचारल्याशिवाय स्वल्पविरामसुद्धा हलवत नाही. त्याला काहीतरी झालंय."

कोश तसाच मोडका ठेवून ती फोन लावत राहिली. तो उचलेना, तेव्हा तिने स्वीडनच्या बाईला उठवलं. तिच्याकडे म्हाताऱ्याच्या शेजारणीचा नंबर होता आणि शेजारणीकडे त्याच्या घराची किल्ली.

मग नुसती वाट पाहणं. प्लास्टिकच्या बाटल्या टाकायच्या होत्या. इथे झाकण वेगळं, वरचा कागद वेगळा, बाटली धुऊन वेगळी. मी त्या सोलत बसले. वरण गार झालं. जावयाने पुन्हा गरम केलं, पुन्हा गार झालं.

फोन आला. म्हातारा स्वयंपाकघरात जमिनीवर सापडला होता. मेंदूत रक्ताची गाठ. बोलता येत नव्हतं. शेजारीण म्हणाली, डोळे उघडे आहेत, अॅम्ब्युलन्स आली आहे.

मुलगी रडली नाही. रविवारी बसून तिने त्याचे शब्द एकेक करून तपासले. वरचे बरोबर होते. मग शब्दांच्या शेपट्या चुकायला लागल्या, मग अर्थ, शेवटी नुसती अक्षरं. त्याचं डोकं कुठून सुटायला लागलं, ते ती बोट ठेवून दाखवत होती. मी म्हटलं, नको दाखवूस.

पुढे स्वीडनच्या बाईने काम सोडलं. तिचंही वय झालं. आता सगळं मुलगीच बघते आणि दमते. मी सांगते, सोड. ती सोडत नाही. बदल करण्याआधी अजूनही विचारते. तिकडून एक बटण दाबलं जातं, हो किंवा नाही. कधीकधी त्याला फार वेळ लागतो, कारण उजवा हात गेला, डाव्यानेच करावं लागतं. रविवारी मलाही तो डावाच हात करतो.

म्हातारा जगला.