गूळ आधी वाटला

बेबाबाईला बसणं ठाऊकच नव्हतं. तालुक्याच्या गावी एस.टी.च्या फाटकाशी तिचा भरताच्या वांग्यांचा गाडा. तिथंही दिवसभर उभीच. पंच्याऐंशी साली पालिकेच्या माणसांनी विचारलं नाही, सवरलं नाही, गाडा उचलून नेला. घर त्या जागेवरच चालायचं. बाई तडक कोर्टात गेली.

जजसाहेब म्हणाले, न सांगता गाडा उचलू देणारं हे कलम घटनेत बसतं का, हे मी ठरवू शकत नाही. प्रश्न औरंगाबादला, हायकोर्टाकडे पाठवतो.

"त्याले ठरावता येत नही, ते तो आठे बठेल कसाले शे?" बाई वकिलावर उखडली.

मोहनलाल वकील हसले. "अक्का, युरोपात तर देशांच्याही वर एक कोर्ट आहे. देशातलं कोर्ट त्याला प्रश्न विचारतं, ते कायद्याचा अर्थ सांगतं, अन् निकाल परत देशातलंच कोर्ट देतं."

"मंग तठे बी बाया अशीच वाट देखतस का?"

उत्तर यायला दोन हिवाळे गेले. दर बाजारच्या दिवशी ती वकिलांच्या ओट्यावर येरझाऱ्या घालायची. शेवटी आलं: म्हणणं न ऐकता माल उचलणं घटनेत बसत नाही. बाईनं तेवढंच ऐकलं. तिच्या गावी भांडण अडलं की पंच थोरल्या गावच्या पंचाला विचारत. त्याचा शब्द आला की गूळ वाटायचा, भांडण मिटलं. तिनं अख्ख्या स्टँडवर गूळ वाटला, पालिकेच्या शिपायालाही दिला, आणि नवा गाडा आणून फाटकाशी लावला.

पुढच्या तारखेला पालिकेचा वकील गाडा परत लावल्याची तक्रार घेऊन उठला. जजसाहेब कडाडले, "हायकोर्टानं कायदा सांगितला. गाडा वाटेत येतो का, ते मला ठरवायचंय. तुम्ही आधीच कशा बसलात?"

"बसनू नही, उभी शे! अन् तू खुर्चीवर बशीसन कसा ठरावशी? ये, देख!"

कारकुनाची लेखणी थांबली. मोहनलालांनी डोळे मिटले. जजसाहेब म्हणाले, "येतो."

भर उन्हात ते आले. फाटकातून बस वळली, तिचा मागचा कोपरा वांग्यांना घासून गेला. बाईनंही पाहिलं.

निकाल लागला: गाडा दोन हात मागे, भिंतीशी. ती जागा बाईची. नोटीस दिल्याशिवाय, म्हणणं ऐकल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

"आता वाटा गूळ," मोहनलाल म्हणाले.

बाईनं गाडा भिंतीशी रेटला, चाकाला दगड लावला, काढला, पुन्हा लावला.

"पहिले बस जाऊ दे," ती म्हणाली, आणि फाटकातून वळणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातावर डोळे रोखून उभी राहिली.